आधी वास, मग भेट

घरात वावरणाऱ्या मोठ्या मांजरासमोर नवे पिल्लू आणून ठेवले, की पुढची काही मिनिटे बहुतेक घरांत सारखीच जातात. मोठे मांजर थबकते, मान लांब करून हुंगते, कान मागे पाडते, फिस्कारते आणि कपाटावर किंवा पलंगाखाली नाहीसे होते. माणसांना त्यात मत्सर दिसतो. मांजराच्या बाजूने पाहिले तर प्रकार साधा आहे. त्याच्या हद्दीत अनोळखी वासाचा प्राणी शिरलेला असतो, आणि तो कुठून आला, किती दिवस राहणार, हे त्याला कोणीही सांगितलेले नसते.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर, फेलिस लायबिका. जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ याच वंशात असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. माणसाचा आणि मांजराचा सहवास फार जुना आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले जे मांजर सापडले, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. इतकी वर्षे माणसाजवळ राहूनही मांजराचा मूळ पिंड एकट्या शिकाऱ्याचाच राहिला. उंदीर, सरडा, चिमणी ही भक्ष्ये एका पोटापुरती. ती मारायला सोबती लागत नाही आणि मारल्यावर वाटून घेण्याइतके काही उरत नाही. शिवाय एकट्या शिकाऱ्याला जखम परवडत नाही, कारण बरे होईपर्यंत त्याला आणून खाऊ घालणारे कोणी नसते. म्हणून मांजरे आपापल्या हद्दी वासाने आखतात आणि शक्यतो एकमेकांना टाळतात. झालेले भांडण विसरून पुन्हा जवळ येण्याची रीत कुत्र्यांत जशी आहे तशी मांजरांत फारशी नाही. पहिली भेट बिघडली तर तिची आठवण दीर्घकाळ टिकते, त्याचे कारण हेच.

तरीही मांजरे एकत्र राहूच शकत नाहीत, असे नाही. मासळीबाजारात, बंदरावर, खानावळींच्या मागच्या बोळात, जिथे अन्न मुबलक असते तिथे त्यांचे गट दिसतात. अशा गटाच्या केंद्रस्थानी मायलेकी आणि बहिणी असतात. त्या एकमेकींची पिल्ले पाजतात, एकमेकींचे अंग चाटतात, जाता-येता अंगाला अंग घासतात. या घासण्यातून साऱ्या गटाचा मिळून एक सामाईक वास तयार होतो. तो वास ज्याच्या अंगाला, तो आपला. बाहेरून आलेल्याला हा गट आधी हुसकावतो, पण काही दिवस अंतर राखून वावरणाऱ्या मांजराला कालांतराने सामावूनही घेतो. घरात नव्या पिल्लाची ओळख करून देण्याची पद्धत या निरीक्षणावर उभी आहे. आधी वास ओळखीचा करायचा, मग दर्शन, आणि स्पर्श सगळ्यात शेवटी.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली निवारागृहातून दुसरे मांजर दत्तक घेतलेल्या कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे निम्म्या घरांत सुरुवातीला बोचकारणे किंवा चावणे झाले होते. मांजरांचे वय आणि लिंग यांचा भांडणाशी ठळक संबंध आढळला नाही. पहिली भेट कशी झाली याचा मात्र पुढच्या नात्याशी संबंध होता.

पिल्लू आणण्याआधी

‘आमचे मांजर दिवसभर एकटे असते, त्याला सोबत हवी’ हे पिल्लू आणण्याचे नेहमीचे कारण. एकटेपणाचा हा निष्कर्ष माणसाने स्वतःवरून काढलेला असतो. खिडकीतून दुसरे मांजर दिसताच गुरगुरणारे, घरात पाहुणे आले की दोन दिवस दडून बसणारे किंवा लघवीच्या विकाराने त्रस्त असलेले मांजर सोबतीने सुखावण्याची शक्यता कमी. दहा-बारा वर्षांच्या, सांधे दुखणाऱ्या मांजराच्या अंगावर दिवसातून वीसदा उडी घेणारे पिल्लू ही त्याला शिक्षाच असते. याउलट दोन-तीन वर्षांचे, खेळकर, पूर्वी दुसऱ्या मांजरासोबत राहिलेले मांजर पिल्लाला तुलनेने लवकर स्वीकारते. प्रौढ नवख्यापेक्षा पिल्लाला स्वीकारणे बहुतेक मांजरांना सोपे जाते, कारण पिल्लू हद्दीवर दावा सांगत नाही.

बोका पिल्ले मारतो, ही घरोघरची समजूत अगदीच निराधार नाही. नसबंदी न झालेल्या, बाहेरून आलेल्या बोक्यांनी पिल्ले मारल्याच्या नोंदी आहेत. मात्र त्या विरळ आहेत. नसबंदी झालेला घरचा बोका पिल्लांशी अनेकदा मांजरीपेक्षाही मऊ वागतो. म्हणून मोठ्या मांजराची नसबंदी झालेली नसेल तर ती पिल्लू आणण्याच्या बरीच आधी उरकून घ्यावी. पिल्लाचीही ती चार ते सहा महिन्यांच्या वयात करावी लागते. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते आणि गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो.

महाराष्ट्रातील घरांत येणारी बहुतेक पिल्ले विकत घेतलेली नसतात. पावसाळ्यात सोसायटीच्या वाहनतळात, जिन्याखाली किंवा गाडीच्या बॉनेटखाली ती सापडतात. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते, असे जुनी माणसे म्हणतात. सात हा आकडा सोडला तर निरीक्षण खरे आहे. धोका वाटला की मांजरी एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, आणि या फेऱ्यांच्या मधल्या वेळात एकटे दिसणारे पिल्लू पोरके असेलच असे नाही. ते जखमी किंवा गारठलेले नसेल तर काही तास लांबून लक्ष ठेवून मांजरी परत येते का ते पाहणे योग्य.

पिल्लाला आईपासून आठ आठवड्यांच्या आधी तोडू नये. बारा आठवडे मिळाले तर उत्तम. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांना आणि इतर प्राण्यांना आपले मानायला शिकते. पुढच्या काही आठवड्यांत भावंडांशी झटापट करताना दात किती जोराने रुतवायचे, समोरचा ओरडला की कधी थांबायचे, याचे धडे त्याला मिळतात. एकट्याने बाटलीवर वाढलेल्या पिल्लाला हे धडे मिळालेले नसतात, आणि ते देण्याचे काम मग घरातल्या मोठ्या मांजराच्या पंजाकडे येते. एका वेतातली दोन पिल्ले एकदम आणणे म्हणूनच काही घरांत सोयीचे ठरते. ती आपापसांत दमतात आणि मोठ्याची झोप शाबूत राहते.

वेगळ्या खोलीचे दोन आठवडे

नवे पिल्लू थेट दिवाणखान्यात सोडायचे नाही. पहिले दहा ते चौदा दिवस त्याने बंद दाराआड राहायचे. त्याचे मुख्य कारण रोग हे आहे. फेलाइन पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा पार्व्होविषाणूजन्य रोग पिल्लांना एक-दोन दिवसांत नेऊ शकतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण दोन ते दहा दिवस लागतात आणि विषाणू फरशीवर, कपड्यांत, चपलांच्या तळव्यांत कित्येक महिने टिकतो. साध्या साबणाने तो मरत नाही. पातळ केलेले ब्लीच लागते. शिंका आणि डोळ्यांतून पाणी आणणारे हर्पीस व कॅलिसी विषाणू, पिसवा, जंत, कानात काळा भुगा साठवणारे माइट आणि माणसालाही होणारे गजकर्ण हे बाकीचे पाहुणे. फिनेल मात्र वापरू नये. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकालात काढता येत नाहीत, आणि फरशीवरून ती पंजाला व पंजावरून जिभेला लागतात. कुत्र्याच्या पिसवांसाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावणे तर जिवावर बेतते.

पहिल्या एक-दोन दिवसांत पशुवैद्याकडे तपासणी, जंतांचे औषध आणि रक्तातील ल्युकेमिया विषाणू (एफईएलव्ही) व प्रतिकारशक्ती घटवणारा एफआयव्ही विषाणू यांची चाचणी करून घ्यावी. एफआयव्हीच्या चाचणीत आईकडून आलेली प्रतिपिंडे दिसू शकतात. त्यामुळे लहान पिल्लाची चाचणी होकारार्थी आली तरी ते सहा महिन्यांचे झाल्यावर ती पुन्हा करतात. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. मोठ्या मांजराच्या लसी वेळेवर झाल्या आहेत की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

वेगळी खोली नसलेल्या घरात जाळी लावलेली गॅलरी, कोरडे ठेवता येईल असे न्हाणीघर किंवा मोठा पिंजरा चालतो. पिंजरा चादरीने तिन्ही बाजूंनी झाकावा. पिल्लाच्या जागेत रेतीचा ट्रे, पाणी, दिवसातून तीन-चार वेळा पिल्लांचे खाणे आणि लपायला उलटा ठेवलेला खोका एवढे हवे. वाटीभर दूध हा पाहुणचार टाळावा. आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि ढाळ लागते.

वासाची देवाणघेवाण

मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि पंजाच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. मांजर राहते त्या घरात दाराच्या चौकटीकडे वाकून पाहिले तर जमिनीपासून वीतभर उंचीवर, कोपऱ्याच्या कडेला, तपकिरी तेलकट डाग दिसतो. रोज जाता-येता गाल घासून उमटलेली ती हद्दीची सही असते. असे डाग सोफ्याच्या पायावर, टेबलाच्या कडेला, फ्रिजच्या कोपऱ्यावरही असतात. ओळख चालू असताना ते पुसू नयेत. दिवाळीची साफसफाई आटोपल्यावर लगेच पिल्लू आणणे या दृष्टीने चुकीचे. जुन्या मांजराच्या सह्या नुकत्याच पुसल्या गेलेल्या असतात, वर फटाके, पाहुणे आणि रंगाचा वास यांनी त्याचे घर आधीच परके झालेले असते.

पिल्लाचा पहिला ताण ओसरून ते नीट खायला लागले आणि पशुवैद्याने संसर्गजन्य आजाराची शंका दूर केली, की वासाची देवाणघेवाण सुरू करता येते. जुन्या सुती पंचाचा हातरुमालाएवढा तुकडा घ्यावा. पिल्लू डुलक्या घेत असताना त्याच्या डोळ्यापासून कानापर्यंतच्या विरळ केसांच्या भागावर आणि हनुवटीखाली तो हलकेच फिरवावा. मग तो मोठ्या मांजराच्या वावरण्याच्या जागेत जमिनीवर ठेवावा. त्याच्या अंथरुणात किंवा ताटलीखाली मात्र नाही. मांजर येते, मान पुढे काढून हुंगते. कधी तोंड अर्धवट उघडे ठेवून, वरचा ओठ किंचित उचलून क्षणभर स्तब्ध होते. टाळूतील जेकबसन अवयवापर्यंत ते वास पोहोचवत असते. त्यानंतर फिस्कारून ते लांब गेले तर कापड तिथेच राहू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी नवे ठेवावे. हुंगून उदासीनपणे निघून गेले तर ती चांगली खूण. कापडावर गाल घासला तर पुढची पायरी गाठता येते. मोठ्याच्या वासाचे कापड पिल्लाकडेही असेच जाते.

त्यानंतर जागांची अदलाबदल. मोठ्याला एखाद्या खोलीत बंद करून पिल्लाला तासभर घर फिरू द्यायचे आणि मोठ्याला पिल्लाची खोली हुंगू द्यायची. दोघांची गाठ पडत नाही, पण दोघांच्या पंजांचे आणि गालांचे वास एकाच घरात मिसळू लागतात. नव्वदच्या दशकात फ्रेंच पशुवैद्य पॅट्रिक पाजे यांनी मांजरांच्या गालांतून स्रवणारी गंधद्रव्ये वेगळी करून दाखवली. त्यांची कृत्रिम आवृत्ती विजेच्या प्लगमध्ये लावण्याच्या कुपीतून मिळते. काही घरांत तिचा उपयोग होतो, पण ती या पायऱ्यांची जागा घेत नाही.

दाराच्या दोन बाजू

वास ओळखीचा झाला, की त्याची सांगड सुखाशी घालायची असते आणि मांजराच्या बाबतीत ते सुख ताटलीत असते. बंद दाराच्या दोन बाजूंना, दारापासून पाच-सहा फुटांवर दोन ताटल्या ठेवायच्या. दोघेही शांतपणे खात असतील तर पुढच्या जेवणाला ताटल्या वीतभर पुढे. मोठ्याने खाणे थांबवून दाराच्या फटीवर नजर रोखली तर ताटली पुन्हा मागे. बिनमिठाची उकडलेली कोंबडी किंवा मासळी याच वेळी द्यावी, एरवी नाही; म्हणजे दारामागचा वास आला की चांगलेचुंगले मिळते, हा संबंध पक्का होतो.

दोघेही दाराला खेटून जेवू लागले की दर्शन. दाराच्या चौकटीत मच्छरांची जाळी ताणून बसवता येते. लहान मुलांसाठीचे फाटकही चालते. पहिल्या दिवशी जाळीचा खालचा अर्धा भाग चादरीने झाकावा आणि दोघांना दहा फुटांवर खायला द्यावे. एखादे फिस्कारणे वाईट नाही. ‘अंतर ठेव’ एवढाच त्याचा अर्थ. चिंता करायची ती न लवणाऱ्या पापण्यांच्या रोखलेल्या नजरेची, खालच्या पट्टीत लांबत जाणाऱ्या गुरगुरीची आणि जमिनीवर आपटणाऱ्या शेपटीच्या टोकाची. त्या वेळी मध्ये पुठ्ठा सरकवून दृश्य तोडावे. डोळे अर्धवट मिटून हळूच उघडणे ही मात्र निवळल्याची खूण. ब्रिटनमधील संशोधकांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसाने अशी सावकाश उघडझाप केली तरी मांजरे तिला प्रतिसाद देतात, असे दिसून आले.

समोरासमोर

जाळी काढण्याचा दिवस निवडताना घाई नको. पिल्लाला आधी दोरीच्या खेळण्याने दमवावे, मोठ्याचे पोट भरलेले असावे, दोघांची नखे कापलेली असावीत आणि घरात दोन माणसे असावीत, प्रत्येकी एका मांजराकडे लक्ष देणारी. पिल्लाला उचलून मोठ्याच्या नाकाशी धरणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक. मोठ्याचा मागे हटण्याचा आणि पिल्लाचा पळण्याचा मार्ग त्यामुळे एकदमच बंद होतो. दोघांना जमिनीवर, वेगवेगळ्या दिशांनी येऊ द्यावे. पहिली भेट पाच ते दहा मिनिटांची असावी आणि सगळे ठीक चाललेले असतानाच संपवावी. भेटी रोज दोन-तीन, हळूहळू लांबत जाणाऱ्या.

आठ-नऊ आठवड्यांचे पिल्लू किलोभरही नसते आणि मोठे मांजर त्याच्या चौपट. त्यामुळे पिल्लू अंगाने भरेपर्यंत घरात कोणी नसताना दोघांना वेगळेच ठेवावे.

खेळ आणि भांडण यांत फरक करणे मालकांना अवघड जाते. स्लोव्हाकियातील कोशित्से येथील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरांच्या झटापटींच्या शंभरावर चित्रफिती तपासल्या. आळीपाळीने वर-खाली होत, आवाज न करता चाललेली कुस्ती खेळाकडे झुकते; ओरडणे आणि एकानेच सतत पाठलाग करणे भांडणाकडे. बऱ्याच झटापटी मधल्या, खेळातून तापत जाणाऱ्या असतात. पिल्लाने शेपटीवर झडप घातली आणि मोठ्याने नखे न काढता पंजाचा फटका दिला, तर मध्ये पडायचे नसते. तो धडा आहे. पिल्लू कोपऱ्यात किंचाळत असेल, केस उडत असतील, तर थांबवावे. पण हात कधीही मध्ये घालू नये. उशी, पुठ्ठा, जाड टॉवेल मध्ये सरकवावा. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे.

घराची वाटणी

मांजरांची भांडणे बहुतेक वेळा जागेवरून आणि वाटेवरून होतात. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त, हा पशुवैद्यकातील सर्वमान्य संकेत; दोघांना तीन. तिन्ही एकाच न्हाणीघरात ओळीने ठेवले तर मांजराच्या हिशेबी तो एकच ट्रे होतो, कारण दारात बसून तिन्ही अडवता येतात. जेवणाच्या जागा एकमेकांच्या नजरेआड हव्यात. पिल्लाचे खाणे जास्त उष्मांकाचे असते आणि मोठे मांजर ते संपवून महिन्या-दोन महिन्यांत लठ्ठ होते. त्यामुळे दिवसभर भरलेली वाटी ठेवण्याऐवजी वेळेवर खायला घालावे.

दोन खोल्यांच्या घरात जमीन वाढवता येत नाही, उंची वाढवता येते. माळा, कपाटाचा माथा, खिडकीचा कट्टा, भिंतीवरची फळी अशा जागा मोठ्याला मिळाल्या आणि पिल्लाला तिथे अजून चढता येत नसले, की कुरबुरी कमी होतात. मोठ्याच्या जुन्या सवयी मोडू नयेत. झोपण्याची जागा तीच, मालकाशेजारी बसण्याची वेळ तीच, आणि ताटली आधी त्याची.

बिनसले तर

ताण आला की मांजर आरडाओरडा करेलच असे नाही. ते खाणे कमी करते, दडून राहते, अंग चाटून पोटावरचे केस घालवते, ट्रेबाहेर लघवी करते. लघवीच्या पिशवीचा दाह तणावाने बळावतो, हे ओहायो राज्य विद्यापीठातील टोनी बफिंग्टन यांच्या कामातून पुढे आले. बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर ती आणीबाणी आहे. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साचून गंभीर आजार होतो. अशा वेळी ओळखीचा कार्यक्रम थांबवून आधी पशुवैद्य गाठावा.

आजार नसेल तर उपाय एकच, एक पायरी मागे जाणे. समोरासमोर भांडण झाले असेल तर दोघे पुन्हा जाळीआड. जाळीशीही गुरगुर असेल तर पुन्हा बंद दार आणि सुती कापड. रागावणे, पाणी उडवणे, नाकावर टिचकी मारणे यांनी बिघाड वाढतो, कारण मांजर त्या शिक्षेचा संबंध समोरच्या पिल्लाशी जोडते. दवाखान्यातून परतलेल्या ओळखीच्या मांजरावरही दुसरे मांजर फिस्कारते, कारण त्याच्या अंगाला घराऐवजी दवाखान्याचा वास असतो. त्याला काही तास वेगळे ठेवून मग सोडले की हा प्रकार टळतो.

या साऱ्याला किती दिवस लागतात? काही घरांत दोन-तीन आठवडे, काहींत काही महिने. वेळापत्रक ठरवते ते जुने मांजर. शेवटी दोघे एकमेकांना बिलगून झोपतील, एकमेकांचे कान चाटतील, असे दरवेळी होत नाही. अनेक घरांत मांजरे खोल्या आणि वेळा वाटून घेऊन, एकमेकांना वाट देत आयुष्य काढतात, आणि मांजराच्या स्वभावाला धरून तोही यशस्वी संसारच असतो. दोघे एकाच घरात पोटभर खातात, निर्धास्त झोपतात आणि न घाबरता ट्रेपर्यंत जातात, एवढे झाले की ओळख पूर्ण झाली असे समजावे.